७२ तासांचा हक्क

आज १ डिसेंबर, जागतिक एड्स दिन. १९८८ पासून हा दिवस जगभर पाळला जातो. आपल्याकडे जिल्ह्याच्या ठिकाणी सकाळी प्रभातफेऱ्या निघतील, महाविद्यालयांतल्या रेड रिबन क्लबची मुले पथनाट्ये करतील, भित्तिपत्रकांच्या स्पर्धेची बक्षिसे वाटली जातील. एचआयव्ही कशाने होतो, कशाने होत नाही, कंडोम का वापरावा, निर्जंतुक सुईचा आग्रह का धरावा, हे सारे पुन्हा सांगितले जाईल आणि ते सांगितलेच पाहिजे. मात्र या सगळ्यात एका प्रश्नाचे उत्तर दर वर्षी राहून जाते. काळजी घेऊनही, किंवा काळजी घेण्याची संधीच न मिळता, या विषाणूशी संपर्क आल्याची शंका आली, तर त्या माणसाने पुढच्या काही तासांत काय करायचे? रात्रपाळीत सुई टोचलेल्या परिचारिकेने, अत्याचाराला बळी पडलेल्या मुलीने, कंडोम फाटल्याचे उशिरा लक्षात आलेल्या तरुणाने कुठे जायचे आणि काय मागायचे?

वैद्यकशास्त्राकडे याचे उत्तर आहे आणि ते जुने, पारखलेले आहे. संपर्कानंतर ७२ तासांच्या आत, खरे तर पहिल्या दोन तासांतच, औषध सुरू केले आणि २८ दिवस एकही खाडा न करता घेतले, तर एचआयव्हीची लागण बहुतेक वेळा टळते. या संपर्कोत्तर प्रतिबंधक उपचाराला डॉक्टरमंडळी थोडक्यात ‘पेप’ म्हणतात. ते माहीत असलेल्यांची संख्या मात्र रुग्णालयांच्या भिंतींबाहेर फार थोडी आहे. जे ऐकून असतात, त्यांचेही मोलाचे तास लाजेत, भीतीत आणि ‘इथे नाही, तिकडे जा’ या उत्तरात निघून जातात. दारात आलेल्या माणसाला ‘हे कसे झाले, का झाले’ असे विचारण्याआधी ‘कधी झाले’ एवढेच विचारले गेले, तर अनेकांची आयुष्यभराची औषधे वाचतील. आजच्या दिवशी आम्हाला प्रामुख्याने एवढेच म्हणायचे आहे.

वेळेचे महत्त्व इतके का, हे समजून घेतले पाहिजे. विषाणू शरीरात शिरला म्हणजे त्याच क्षणी लागण कायमची झाली, असे होत नाही. नाजूक अंतस्त्वचेतून शिरलेला विषाणू आधी तिथल्याच काही पेशी गाठतो. त्यांच्यासोबत तो दोन-तीन दिवसांत जवळच्या लसिका ग्रंथींत पोहोचतो आणि तिथून रक्तावाटे सर्वत्र पसरतो. आपला जनुकीय आराखडा त्याने माणसाच्या पेशींच्या डीएनएत गुंफला आणि दीर्घकाळ जगणाऱ्या पेशींत ठाण मांडले, की मग आजची औषधे त्याला दाबून ठेवू शकतात, समूळ उपटू शकत नाहीत. त्याआधी औषध रक्तात पोहोचले, तर नव्या पेशींची लागण थांबते आणि सुरुवातीला बाधित झालेल्या मोजक्या पेशी वंश न वाढवता संपून जातात. ही खिडकी काही तासांची असते.

ती किती अरुंद आहे, हे १९९० च्या दशकात माकडांवर झालेल्या प्रयोगांनी दाखवले. एचआयव्हीच्या भाऊबंद विषाणूची लागण करून २४ तासांच्या आत टेनोफोव्हिर सुरू केले आणि २८ दिवस दिले, तेव्हा त्या गटातली सगळी माकडे वाचली. हेच औषध ४८ किंवा ७२ तासांनी सुरू केले, तेव्हा जवळपास निम्मीच वाचली. वेळेवर सुरू करून दहाच दिवस दिले तरीही निम्मीच वाचली आणि तीनच दिवस दिले तेव्हा एकही वाचले नाही. ७२ तासांची मर्यादा आणि २८ दिवसांची मुदत या दोन्ही आकड्यांमागे असा आधार आहे. माणसांपुरता महत्त्वाचा पुरावा १९९७ साली प्रसिद्ध झाला. सुई टोचलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांच्या त्या अभ्यासात झिडोव्हुडिन हे एकच औषध घेतलेल्यांमध्ये लागणीची शक्यता सुमारे ८१ टक्क्यांनी कमी आढळली. आज त्याहून सौम्य आणि प्रभावी औषधे हाती आहेत. टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राव्हिर ही तीन औषधे एकाच गोळीत मिळतात. दिवसातून एक गोळी, २८ दिवस. एचआयव्हीबाधितांवर औषधोपचार करणाऱ्या सरकारी एआरटी केंद्रांत हजारो रुग्ण रोज घेतात तीच ही गोळी. ती भारतीय कंपन्या बनवतात.

कुत्रा चावला तर आपण काय करतो ते आठवावे. जखम साबणाने धुतो आणि रात्रीचे अकरा वाजले असले तरी इंजेक्शनसाठी दवाखाना गाठतो. तो कुत्रा पिसाळलेला होता का, याचा निकाल लागेपर्यंत कुणी थांबत नाही. डॉक्टरही ‘त्या गल्लीत कशाला गेला होतास’ असे विचारत बसत नाहीत. रेबीजची लस आणि एचआयव्हीची ही गोळी यांमागचे तत्त्व एकच आहे. शत्रू आत शिरला असण्याची शक्यता आहे, त्याने मुक्काम करण्याआधी त्याला अडवायचे. एका बाबतीत साऱ्या गावाला ठाऊक असलेले तत्त्व दुसऱ्या बाबतीत कुजबुजीचा विषय होते, याचे कारण विषाणूत नसून आपल्या मनात आहे.

याचा पुरावा आपल्याच राज्यात आहे. एचआयव्हीबाधित आईच्या बाळाला जन्मल्याबरोबर प्रतिबंधक औषध सुरू करतात. स्तनपान करणाऱ्या बाळांना नेव्हिरापिन एका मात्रेऐवजी सहा आठवडे दिले तर काय होते, याचा भारत, इथिओपिया आणि युगांडा या देशांतला अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाचा वाटा होता. सहा आठवड्यांच्या वयापर्यंतच्या लागणीचे प्रमाण त्यात जवळपास निम्म्यावर आले. बाळाला औषध देताना कुणाच्याही कपाळावर आठी पडत नाही. बाळ निष्पाप असते, म्हणून त्याचा हक्क आपण विनातक्रार मान्य करतो. मोठ्या माणसाकडून मात्र आधी निर्दोषपणाचा दाखला मागतो. विषाणू असा भेद करत नाही. उपचारानेही तो करू नये.

आता ज्यांना या औषधाची गरज सर्वांत जास्त वेळा पडते त्यांच्याकडे पाहू. रुग्णालयात सुई टोचणे ही रोजची शक्यता आहे. शिरेत सलाईन लावताना रुग्ण झटका देतो, घाईत वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावताना बोट सापडते, शस्त्रक्रियेत टाके घालताना सुई हातमोजा भेदते, प्रसूतिगृहात रक्त डोळ्यांत उडते. एचआयव्हीबाधित व उपचार सुरू नसलेल्या रुग्णाच्या रक्ताने माखलेली सुई टोचल्यास लागणीचा धोका हजारात सुमारे तीन आहे. डोळ्यांत किंवा तोंडात रक्त उडाल्यास तो आणखी कमी, हजारात एकाच्या आसपास आहे. हे आकडे धीर देणारे आहेत, पण निष्काळजी होण्याची मुभा देणारे नाहीत. लस न घेतलेल्या कर्मचाऱ्याला त्याच सुईतून हिपॅटायटिस बी होण्याचा धोका शंभरात तीसपर्यंत जातो. म्हणून सुई टोचल्यावर विचार तिन्ही विषाणूंचा करावा लागतो: एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि हिपॅटायटिस सी.

पहिल्या पाच मिनिटांत काय करायचे, हे तर पाठ असावे. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावी. ती दाबून रक्त काढू नये, बोट तोंडात घालू नये, स्पिरिट किंवा तत्सम दाहक द्रव ओतू नये. डोळ्यांत उडाले असेल तर स्वच्छ पाण्याने किंवा सलाईनने डोळे भरपूर धुवावेत. मग लगेच वरिष्ठांना सांगून नोंद करावी आणि डॉक्टरांनी गरज ठरवली तर औषधाची पहिली मात्रा घ्यावी. बाकीचे कागद, तपासण्या, सल्लामसलत त्यानंतर.

गाडी अडते ती नोंदीपाशी. सुई टोचली हे सांगितले तर ‘लक्ष कुठे होते’ असे ऐकावे लागेल, ही भीती असते. कंत्राटी कामगाराला तर उद्याच्या कामाचीच चिंता असते. मोठ्या सरकारी रुग्णालयात निदान कुणाला विचारायचे ते ठाऊक असते. दहा खाटांच्या खासगी दवाखान्यात काम करणाऱ्या मावशीला कोण सांगणार? रुग्णालयाच्या मागच्या दाराशी कचऱ्याच्या पिशव्या उचलणारा सफाई कामगार आणि वस्तीतल्या ओल्या-सुक्या कचऱ्यात इन्शुलिनची सुई हाताला लागणारी कचरावेचक तर या हिशेबात कुठेच नसतात. वास्तविक कायदा त्यांच्या बाजूचा आहे. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा, २०१७ मधील कलम १९ नुसार आरोग्यसेवा देणाऱ्या आस्थापनांनी, तसेच कामातून अशा संपर्काचा मोठा धोका असलेल्या इतर आस्थापनांनी, कर्मचाऱ्यांना संरक्षक साधने, प्रशिक्षण आणि संपर्कोत्तर प्रतिबंधक उपचार पुरवणे बंधनकारक आहे. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार सुया-पाती न भोसकल्या जाणाऱ्या पांढऱ्या डब्यातच गेल्या पाहिजेत आणि असा कचरा हाताळणाऱ्यांना हिपॅटायटिस बीची लस मिळाली पाहिजे. महापालिका आणि नगरपालिका आपल्या कंत्राटांत ही अट घालतात का आणि घातली तर पाळून घेतात का, हे लोकप्रतिनिधींनी सभागृहात विचारावे.

या औषधाने आणखी एक जुनी सबब निकालात काढली आहे. एचआयव्हीबाधित रुग्णाची शस्त्रक्रिया किंवा प्रसूती करायला नकार देणारे दवाखाने ‘आमच्या माणसांच्या सुरक्षेचे काय’ असे विचारतात. प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत घ्यायची सर्वसाधारण काळजी आणि चुकून संपर्क आलाच तर हाताशी असलेले पेप, हे त्याचे पूर्ण उत्तर आहे. बाधित म्हणून उपचार नाकारणे २०१७ च्या कायद्याने निषिद्ध आहे. शास्त्रानेही त्याला आता कोणताच आधार उरलेला नाही.

लैंगिक अत्याचारानंतरचे तास हा या विषयातला सर्वांत वेदनादायक भाग. अत्याचार झालेली स्त्री किंवा मूल आधी घरी गप्प बसते, मग नातेवाइकांत खल होतो, मग पोलिस ठाणे, तिथून हद्दीचा वाद, मग रुग्णालय. प्रत्येक टप्प्यावर घड्याळ चालू असते. कायदा स्पष्ट आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ नुसार सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने अशा पीडितेवर तातडीने आणि विनामूल्य उपचार केले पाहिजेत. नाकारणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे उपचारासाठी आधी गुन्हा नोंदवला पाहिजे, अशी अट घालता येत नाही. गर्भधारणा टाळणारी गोळी, इतर लैंगिक आजारांवरची औषधे, हिपॅटायटिस बीची लस आणि एचआयव्हीसाठी पेप हे सारे त्या पहिल्या भेटीतच व्हायला हवे. बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याच्या २०२० च्या नियमांतही बालकांना मिळणाऱ्या तातडीच्या वैद्यकीय सेवेत एचआयव्ही प्रतिबंधाचा उल्लेख आहे. तरीही आपल्याकडे अशा प्रसंगी सारे बळ पुरावा गोळा करण्यावर खर्ची पडते. पुरावा हवाच, त्याशिवाय शिक्षा होणार नाही. पण तिचे शरीर म्हणजे केवळ पुराव्याची जागा नव्हे. त्या शरीरात तिला पुढची पन्नास वर्षे जगायचे आहे. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि ‘सेहत’ या संस्थेने मिळून सुरू केलेल्या ‘दिलासा’ केंद्राने दाखवून दिले, की हिंसेला सामोऱ्या गेलेल्या बाईला सरकारी रुग्णालयातही माणुसकीने वागवता येते. तो नमुना आपल्या राज्यातलाच आहे, तो तालुक्यापर्यंत न्यायला हवा.

आणि उरलेले सगळे? ज्यांच्या कहाणीत गणवेश नाही की गुन्हा नाही, ते? कंडोम फाटलेले जोडपे, अनोळखी व्यक्तीशी संबंध आल्यावर भानावर आलेला तरुण, वेश्याव्यवसायातली बाई, समलिंगी पुरुष, तृतीयपंथी व्यक्ती, नशेसाठी एकच सिरिंज वापरलेला मुलगा. रुग्णालयाच्या खिडकीशी जाऊन खरे कारण सांगणे यांना सर्वांत अवघड जाते. त्यांना सर्वांसमोर मोठ्या आवाजात विचारलेला एक प्रश्न परत पाठवायला पुरतो. परत गेलेला माणूस पुन्हा येत नाही, आणि आलाच तर ७२ तास उलटलेले असतात. सांगलीत ‘संग्राम’ ही संस्था १९९२ पासून वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांबरोबर काम करते आहे. आरोग्याचा निरोप पोहोचवण्याचे काम तिथे त्या स्त्रियांनीच हाती घेतले आणि त्यातून ‘वॅम्प’ ही त्यांची स्वतःची संघटना उभी राहिली. त्या कामाचा धडा साधा आहे. ज्यांना आपण धोक्याचे कारण मानतो त्यांना सन्मानाने वागवले, तर तेच प्रतिबंधाचे सर्वांत भरवशाचे कार्यकर्ते होतात. नीतीचा उपदेश करायला आयुष्य पडले आहे. गोळी द्यायला काही तासच असतात.

आता चाचणीविषयी. याबाबत गैरसमज फार आहेत. पेप सुरू करताना त्या व्यक्तीची एचआयव्ही चाचणी करतात. ती आधीपासूनच बाधित नाही ना, एवढे पाहण्यासाठी. कारण बाधित असेल तर २८ दिवसांचा कोर्स पुरणार नाही, तिला कायमचे उपचार सुरू करावे लागतील. मात्र या चाचणीच्या अहवालासाठी पहिली मात्रा अडवून ठेवायची नसते. त्या पहिल्या दिवशी अहवाल ‘निगेटिव्ह’ आला म्हणजे काल रात्री काही झाले नाही, असाही अर्थ होत नाही. विषाणू शिरल्यापासून तो चाचणीत दिसेपर्यंत काही आठवडे जातात. प्रतिपिंडे शोधणाऱ्या नेहमीच्या चाचणीत साधारण तीन आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंत हा काळ असू शकतो. म्हणून सहा आठवड्यांनी, तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी करतात. या काळात कंडोम वापरावा, रक्तदान करू नये. रक्त तपासून मिळते म्हणून रक्तदान शिबिरात जाणे तर फार घातक. ज्या काळात चाचणीला विषाणू दिसत नाही, त्याच काळात तो रक्तातून दुसऱ्याला जाऊ शकतो. चाचणीसाठी सरकारी रुग्णालयांत एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रे आहेत. आयसीटीसी म्हणून ती ओळखली जातात. तिथे चाचणी मोफत होते, आधी आणि नंतर समुपदेशक बोलतो आणि तीन वेगवेगळ्या किटवर खात्री झाल्याशिवाय ‘बाधित’ असा अहवाल दिला जात नाही.

तरीही लोक चाचणीला घाबरतात आणि ती भीती आकाशातून पडलेली नाही. आपणच ती निर्माण केली. गोव्यातले डॉमिनिक डिसोझा नियमित रक्तदान करीत. त्यांच्या रक्तात एचआयव्ही आढळला, म्हणून फेब्रुवारी १९८९ मध्ये पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतले आणि एका बंद पडलेल्या क्षयरोग रुग्णालयात पहाऱ्यात ठेवले. सक्तीने वेगळे ठेवण्याची मुभा देणारा गोव्याचा सार्वजनिक आरोग्य कायदा तेव्हा लागू होता. ६४ दिवसांनी ते बाहेर आले. त्यांच्या आईने न्यायालयात धाव घेतली, पण १९९० साली मुंबई उच्च न्यायालयाने ती तरतूद ग्राह्य धरली. डॉमिनिक यांनी नंतर बाधितांसाठी ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभारण्यासाठी पुढाकार घेतला. १९९२ साली त्यांचे निधन झाले. पुढे १९९७ साली त्याच मुंबई उच्च न्यायालयाने केवळ एचआयव्हीबाधित आहे म्हणून काम नाकारलेल्या एका हंगामी कामगाराच्या बाजूने निकाल दिला. काम करायला सक्षम असलेल्या माणसाला बाधित म्हणून दूर सारता येणार नाही, असे ठरवले आणि खरे नाव गुप्त ठेवून दाद मागण्याची मुभाही दिली. सात वर्षांत एका न्यायालयाने कापलेले हे अंतर समाजाने अजून कापलेले नाही.

२०१७ च्या कायद्याने ते अंतर अक्षरांत बांधले आहे. माहिती देऊन घेतलेल्या संमतीशिवाय चाचणी करता येत नाही. कुणाची एचआयव्ही स्थिती उघड करता येत नाही. नोकरी, शिक्षण, घर, उपचार यांत भेदभाव करता येत नाही. तक्रारींसाठी राज्याने लोकपाल नेमण्याची तरतूद आहे. हा कायदा सुई टोचल्यानंतर ज्याच्या रक्ताची तपासणी करायची त्या रुग्णालाही लागू आहे. त्याला समजावून, विचारून, त्याच्या संमतीनेच रक्त घ्यायचे. त्याने नाही म्हटले, तरी टोचलेल्या व्यक्तीचे पेप थांबत नाही. शस्त्रक्रियेआधी रुग्णाला न सांगता चाचणी उरकून अहवाल फाइलवर लाल शाईने लिहिण्याची सवय अजूनही ज्यांना आहे, त्यांनी ती आजपासून सोडावी.

आणि समजा चाचणीत बाधा आढळली, तर? तर आयुष्य संपत नाही. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसुफ हमीद यांनी तीन औषधांचे वर्षाचे उपचार सुमारे ३५० डॉलरना देऊ केले. तेव्हा पाश्चात्त्य कंपन्यांच्या औषधांचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या पुढे होता. १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारने मोफत एआरटी सुरू केली. सुरुवातीच्या केंद्रांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते. २०१७ पासून बाधा आढळलेल्या प्रत्येकाला, पांढऱ्या पेशी किती आहेत याची वाट न पाहता, उपचार सुरू करण्याचे धोरण आले. २०११ साली जगापुढे आलेल्या ज्या अभ्यासाने लवकर सुरू केलेल्या उपचाराने जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते हे सिद्ध केले, त्यात पुणे आणि चेन्नईतली जोडपीही सहभागी होती. नियमित औषधाने ज्याच्या रक्तातला विषाणू चाचणीत न दिसण्याइतका दबला आहे, त्याच्याकडून लैंगिक संबंधातून लागण होत नाही, हे आता निर्विवाद आहे. तेव्हा चाचणीचा निकाल काहीही येवो, ती केल्याने माणूस काही गमावत नाही.

पेपच्या मर्यादाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. ते शंभर टक्के कवच नाही. ७२ तासांनंतर त्याचा उपयोग होत नाही. मूत्रपिंडाचा विकार, हिपॅटायटिस बी किंवा इतर औषधे चालू असतील तर डॉक्टरांनी ते पाहूनच द्यावे लागते, म्हणून मित्राच्या सांगण्यावरून मेडिकलमधून गोळ्या आणून घेऊ नयेत. मळमळ, डोकेदुखी, झोप न येणे असे त्रास काहींना होतात. ते बहुधा सौम्य असतात, पण त्यामुळे कोर्स अर्धवट सोडला तर सारे मुसळ केरात. ज्यांना असा धोका वारंवार येतो त्यांच्यासाठी आधीच घ्यायची प्रतिबंधक गोळी आहे, आणि आता वर्षातून दोनदा घ्यायचे लेनाकापाव्हिरचे इंजेक्शनही आले आहे. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या चाचणीत हे इंजेक्शन घेतलेल्या दोन हजारांहून अधिक स्त्रियांपैकी एकीलाही लागण झाली नाही. ते भारतातल्या गरजूंपर्यंत सरकारी यंत्रणेतून पोहोचावे, ही मागणी आतापासूनच लावून धरली पाहिजे.

देशात आज सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत आणि २०२३ च्या अंदाजानुसार वर्षाला ६८ हजारांच्या आसपास नवे संसर्ग होत होते. बाधितांची सर्वाधिक संख्या महाराष्ट्रात, चार लाखांच्या घरात आहे. चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. सेलप्पन निर्मला यांनी १९८६ साली देशातले पहिले रुग्ण शोधले, तेव्हा हाती एकही औषध नव्हते. आज औषध आहे, कायदा आहे, केंद्रे आहेत. या तिन्हींना जोडणारी शेवटची कडी तेवढी ढिली आहे.

ती घट्ट करणे फार खर्चाचे नाही. प्रत्येक ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयाच्या अपघात विभागात पहिल्या काही दिवसांच्या गोळ्या चोवीस तास हव्यात, आणि त्या कपाटाची किल्ली रात्रपाळीच्या डॉक्टरकडे हवी. एआरटी केंद्र सकाळी उघडेल तोवर थांबा, हे उत्तर बंद झाले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने जुलै २०२४ मध्ये पेप मोठ्या रुग्णालयांबाहेर, वस्तीपातळीवर आणि डॉक्टरांखेरीज इतर प्रशिक्षित कर्मचाऱ्यांमार्फतही द्यावे, अशी शिफारस केली. महाराष्ट्रासारख्या राज्याने ती प्राथमिक आरोग्य केंद्रांपर्यंत नेऊन दाखवावी. प्रत्येक पोलिस ठाण्यात, महाविद्यालयात, सफाई कामगारांच्या हजेरी चौकीवर एक मराठी फलक लागावा: ७२ तास, २८ दिवस, जवळचे केंद्र आणि १०९७ हा राष्ट्रीय मोफत दूरध्वनी क्रमांक. खासगी रुग्णालयांच्या नोंदणीचे नूतनीकरण करताना कलम १९ चे पालन तपासले जावे. आणि संपर्काची नोंद करणाऱ्या कोणत्याही कर्मचाऱ्यावर ठपका ठेवला जाणार नाही, असा लेखी आदेश प्रत्येक रुग्णालयाच्या भिंतीवर असावा.

वाचकहो, यातले काही तुमच्याही हाती आहे. सुई टोचली, अत्याचार झाला, कंडोम फाटला, कारण कोणतेही असो, शंका असेल तर उजाडण्याची वाट पाहू नका. जवळच्या सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात जा, ‘एचआयव्हीचा संपर्क आल्याची शंका आहे, पेप हवे आहे’ एवढेच सांगा आणि किती तास झाले ते सांगा. लगेच जायला जमत नसेल तर १०९७ वर फोन करा. घरातली मुलगी, मित्र, शेजारी किंवा घरकामाची बाई असे काही सांगत तुमच्याकडे आली, तर तिच्या कहाणीची शहानिशा पुढच्या आठवड्यावर टाका. आधी तिला रुग्णालयात घेऊन जा. आणि तुम्ही डॉक्टर, परिचारिका किंवा पोलिस असाल, तर समोरच्या माणसाला पहिल्यांदा एकच विचारा: हे कधी झाले?